मालवाहू यानाची अवकाश स्थानकाशी पहिली भेट : वाट कशी पाहावी आणि नेमके काय पाहावे

एखाद्या खासगी कंपनीचे नवे मालवाहू यान आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे पहिल्यांदाच निघणार असते, तेव्हा साऱ्यांचे लक्ष प्रक्षेपणाकडे लागलेले असते. उलटगणती, ज्वाळा आणि धुराचा लोट हे सगळे पाहण्यासारखे असते यात शंका नाही. पण यान कक्षेत पोहोचण्याची नऊ-दहा मिनिटे संपली की बहुतेक प्रेक्षक उठून जातात आणि भेटीचा खरा कस जेथे लागतो, तो भाग पाहायचा राहून जातो. पहिल्या भेटीत निर्णायक ठरतात ते शेवटचे अडीचशे मीटर. यानाला आणखी जवळ येऊ द्यायचे की नाही, हा प्रश्न त्या काही तासांत पुन्हा पुन्हा विचारला जातो आणि दर वेळी त्याचे उत्तर नव्याने मिळवावे लागते.

अशी भेट पहिल्या घोषणेपासून यान परत जाईपर्यंत कशी पाहावी, हे पुढे क्रमाने मांडले आहे. आधाराला दोन प्रत्यक्ष भेटी घेतल्या आहेत : मे २०१२ मधील स्पेसएक्सच्या ड्रॅगनची आणि सप्टेंबर २०१३ मधील ऑर्बिटल सायन्सेसच्या सिग्नसची. दोन वेगवेगळ्या खासगी मालवाहू यानांच्या स्थानकाशी झालेल्या या पहिल्या भेटी असून पुढच्या प्रत्येक नव्या यानाची भेट समजून घ्यायला त्या पुरेशा आहेत.

पहिली पायरी : यानाला काय सिद्ध करायचे आहे, ते आधी लिहून काढा

पहिली भेट ही मालाच्या फेरीपेक्षा परीक्षा अधिक असते. पार्श्वभूमी थोडक्यात अशी. अमेरिकेची शटल याने निवृत्त करायचे ठरल्यावर स्थानकावर सामान कोण नेणार, हा प्रश्न उभा राहिला. नासाने २००६ मध्ये खासगी कंपन्यांना वाहतूक व्यवस्था उभारण्यासाठी टप्प्याटप्प्याने पैसे देण्याची योजना सुरू केली. ठरलेला टप्पा पार केला की ठरलेली रक्कम, असा तो व्यवहार होता. डिसेंबर २००८ मध्ये प्रत्यक्ष मालवाहतुकीची कंत्राटेही दिली गेली : स्पेसएक्सला १२ फेऱ्यांसाठी १.६ अब्ज डॉलर आणि ऑर्बिटलला ८ फेऱ्यांसाठी १.९ अब्ज डॉलर. जुलै २०११ मध्ये अटलांटिस हे शटल शेवटचे उतरले, तेव्हा या दोन्हींपैकी एकही यान स्थानकापर्यंत गेलेले नव्हते. रशियाची प्रोग्रेस, युरोपची एटीव्ही आणि जपानची एचटीव्ही ही सरकारी याने सामान पोहोचवत होती. पण ती सगळी परतताना वातावरणात जळून जात असत. त्यामुळे प्रयोगांचे नमुने मोठ्या प्रमाणात पृथ्वीवर सुखरूप आणण्याची सोयच उरली नव्हती. ड्रॅगनच्या पहिल्या भेटीकडे स्थानकावरचे शास्त्रज्ञ डोळे लावून बसले होते, त्याचे एक मोठे कारण हे होते.

उड्डाणाच्या काही दिवस आधी नासा आणि संबंधित कंपनी माहितीपुस्तिका प्रसिद्ध करतात. तीत मालाची यादी असते आणि यानाने वाटेत करून दाखवायच्या प्रात्यक्षिकांचीही असते. मालाची यादी एकदा नजरेखालून घातली तरी पुरे, कारण पहिल्या फेरीत असेच सामान पाठवतात की जे हरवले तरी स्थानकाचे काम अडू नये. ड्रॅगनने पहिल्या भेटीत सुमारे ४६० किलो सामान नेले आणि त्यातला मोठा वाटा खाद्यपदार्थांचा होता; सिग्नसने ५८९ किलो नेले. दोन्ही आकडे त्या यानांच्या क्षमतेपेक्षा बरेच कमी आहेत. प्रात्यक्षिकांची यादी मात्र वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येकापुढे खूण करायला जागा ठेवा. ड्रॅगनच्या यादीत दिशादर्शक उपग्रहांच्या साह्याने स्वतःचे आणि स्थानकाच्या तुलनेतले स्थान ओळखणे, आज्ञा मिळताच मोहीम सोडून दूर निघून जाणे, इंजिने बंद ठेवून स्थिर तरंगणे, स्थानकातील अंतराळवीरांची आज्ञा रेडिओवरून स्वीकारणे आणि जवळ आल्यावर मागे हटून थांबणे अशा गोष्टी होत्या. यातली प्रत्येक गोष्ट जमली तरच पुढची करायची परवानगी मिळत होती.

याच वेळी आणखी एक खातरजमा करा. जाहीर झालेले पहिले उड्डाण खरोखर स्थानकापर्यंत जाणार आहे का? ड्रॅगनचे डिसेंबर २०१० मधले पहिले उड्डाण पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारून समुद्रात उतरले. स्थानकाशी त्याचा संबंध नव्हता. सिएरा स्पेस या कंपनीच्या ड्रीम चेसर या पंख असलेल्या यानाबद्दलही हेच लक्षात ठेवायला हवे. टेनॅसिटी नावाचे हे यान मे २०२४ मध्ये फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्रात पोहोचले आणि त्याच्या स्थानकभेटीची वाट अनेकांनी पाहिली. पण सप्टेंबर २०२५ मध्ये कंत्राटात बदल होऊन त्याने आधी स्थानकाला न भेटता स्वतंत्र उड्डाण करावे असे ठरले. मथळ्यात यानाचे नाव आणि ‘पहिले उड्डाण’ हे शब्द दिसले, एवढ्यावर भेट गृहीत धरू नये.

दुसरी पायरी : तारीख पेन्सिलीने लिहा

घोषणेत दिलेल्या तारखेचा अर्थ ‘याआधी नाही’ एवढाच घ्यायचा. ड्रॅगनसाठी २०१२ मध्ये आधी ७ फेब्रुवारी जाहीर झाली होती. मग ती एप्रिलअखेर, मेचा पहिला आठवडा आणि शेवटी १९ मे अशी सरकत गेली. मुख्य कारण संगणक प्रणालीच्या चाचण्यांचे होते. मानव राहत असलेल्या स्थानकाजवळ प्रथमच येणाऱ्या यानाची प्रणाली पुन्हा पुन्हा तपासली जाते, आणि या कारणाने झालेला उशीर मला तरी नेहमी दिलासा देणारा वाटतो.

१९ मे रोजी तर ड्रॅगनला नेणाऱ्या फाल्कन ९ या रॉकेटची नऊही इंजिने पेटली आणि उड्डाणाला अर्धा सेकंद उरला असताना संगणकाने ती बंद केली. मधल्या इंजिनाच्या ज्वलनकक्षातला दाब मर्यादेपेक्षा जास्त दिसला होता. तपासणीत एका झडपेत दोष सापडला, ती बदलली गेली आणि २२ मे रोजी यान निघाले. दोष दुरुस्त झाल्यावर दुसऱ्याच दिवशी का निघाले नाही, असा प्रश्न येथे पडतो आणि त्याचे उत्तर प्रत्येक स्थानकभेटीला लागू आहे.

स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करणाऱ्या कक्षेत, साधारण ९० मिनिटांत एक प्रदक्षिणा करते. ही कक्षा प्रक्षेपणस्थळावरून जाण्याचा क्षण रोज सुमारे २४ मिनिटे आधी येतो, आणि यान त्याच क्षणाच्या आसपास सोडावे लागते. २०१२ च्या वेळा पाहिल्या की हे लगेच पडताळता येते : १९ मेची वेळ फ्लोरिडातली पहाटेची ४:५५ होती आणि २२ मेची ३:४४. तीन दिवसांत ७१ मिनिटांचा फरक पडला. शिवाय त्या क्षणी कक्षेत स्थानक नेमके कोठे आहे, यावर त्याला गाठायला किती इंधन लागेल हे ठरते. पहिल्या भेटीत प्रात्यक्षिकांसाठी जास्तीचे इंधन राखून ठेवायचे असल्याने सगळेच दिवस सोयीचे नसतात. म्हणून एक संधी हुकली की पुढच्या दोन संधी कोणत्या, हे घोषणेतच शोधून मूळ तारखेखाली लिहून ठेवावे.

स्थानकाच्या स्वतःच्या वेळापत्रकावरही नजर हवी. त्याच आठवड्यात नवे अंतराळवीर येणार असतील, कोणी परतणार असेल किंवा अवकाशचाल ठरलेली असेल, तर मालवाहू यानाला थांबावे लागते. सिग्नसच्या बाबतीत असेच घडले. ते पुढे येईलच.

तिसरी पायरी : वेळा आपल्या घड्याळात बसवा

हे काम क्षुल्लक वाटते, पण हातची भेट हुकण्याचे सर्वांत सामान्य कारण तेच आहे. नासाच्या वेळा बहुधा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या असतात. तेथे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत उन्हाळी वेळ असते आणि तेव्हा त्यात साडेनऊ तास मिळवले की भारतीय वेळ मिळते. उरलेल्या महिन्यांत साडेदहा तास मिळवावे लागतात. नासाचा नियंत्रण कक्ष असलेल्या ह्यूस्टनची वेळ पूर्व किनाऱ्याच्या एक तास मागे आहे, तर स्थानकावर जागतिक प्रमाणवेळ पाळतात आणि तिच्यात साडेपाच तास मिळवायचे असतात.

ड्रॅगनचे पहाटे ३:४४ चे प्रक्षेपण आपल्याकडे दुपारी १:१४ ला झाले आणि स्थानकावरच्या यांत्रिक हाताने त्याला पकडले ते २५ मे रोजी संध्याकाळी ७:२६ ला. महाराष्ट्रात बसून पाहायला याहून सोयीच्या वेळा क्वचितच मिळतात. तारखेची गफलत होते ती अमेरिकेतल्या रात्रीच्या प्रक्षेपणांत. कल्पना चावला यांचे नाव दिलेले सिग्नस तेथे २ ऑक्टोबर २०२० रोजी रात्री ९:१६ ला निघाले. आपल्याकडे तेव्हा ३ तारखेची सकाळ होती आणि घड्याळात ६:४६ वाजले होते. म्हणून वहीत वेळेबरोबर भारतीय तारीख आणि वारही लिहावा.

एकूण सहा वेळा टिपून ठेवल्या की पुरे : प्रक्षेपण, सौरपंख उघडणे, स्थानकाजवळ येण्यास प्रारंभ, हाताने पकडणे, स्थानकाला जोडणे आणि दार उघडणे. यांपैकी चौथी वेळ जाहीर वेळेपेक्षा दोन तास पुढे जाऊ शकते, असे समजूनच त्या दिवसाची आखणी करावी. थेट प्रसारण नासा प्लस या नासाच्या मोफत सेवेवर आणि यूट्यूबवर मिळते. प्रक्षेपण, आगमन आणि जोडणी यांची प्रसारणे बऱ्याचदा वेगवेगळी असतात, त्यामुळे तिन्ही दुवे आधीच शोधून ठेवणे बरे.

चौथी पायरी : प्रक्षेपणानंतर उठू नका

यान रॉकेटपासून वेगळे झाले म्हणजे ते चालू झाले, असे नव्हे. त्यानंतरच्या अर्ध्या तासात दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी. सौरपंख उघडले का, आणि यानाची लहान इंजिने ठीक चालू झाली का? ड्रॅगनचे पंख उघडताना दिसले, तेव्हा कॅलिफोर्नियातील हॉथॉर्न येथील स्पेसएक्सच्या नियंत्रण कक्षातला जल्लोष प्रक्षेपणाच्या वेळेपेक्षाही मोठा होता, आणि तो योग्यच होता. पंख उघडले नसते तर यान काही तासांच्या बॅटरीवर उरले असते.

लहान इंजिनांचे महत्त्व मार्च २०१३ च्या ड्रॅगनमोहिमेत दिसले. तेव्हा इंजिनांच्या चार संचांपैकी तीन सुरुवातीला चालूच झाले नाहीत. अभियंत्यांनी काही तासांत इंधनव्यवस्थेतला अडथळा दूर केला आणि यान एक दिवस उशिरा स्थानकावर पोहोचले. सप्टेंबर २०२५ मध्ये सिग्नसच्या वाढवलेल्या आवृत्तीचे पहिले उड्डाण झाले, तेव्हाही कक्षा उंचावताना मुख्य इंजिन नियोजित वेळेआधी बंद पडले. कारण तपासून नवा मार्ग आखला गेला आणि यान एक दिवस उशिरा, १८ सप्टेंबरला, स्थानकावर पकडले गेले. प्रक्षेपण यशस्वी झाल्याची बातमी वाचून थांबणाऱ्याला या दोन्ही गोष्टी कळल्याच नसत्या.

पाचवी पायरी : मधले दिवस आणि आपले आकाश

यान आधी स्थानकापेक्षा खालच्या कक्षेत ठेवतात. खालची कक्षा लहान असते आणि तिच्यातला वेग जास्त, त्यामुळे यान प्रत्येक प्रदक्षिणेत स्थानकाच्या थोडे आणखी जवळ जाते. मग ठरावीक वेळी इंजिने चालवून ते पायरीपायरीने वर चढते. या दिवसांत बातम्या थोड्याच असतात. नासाच्या संकेतस्थळावरील रोजचे छोटे निवेदन वाचून प्रात्यक्षिकांच्या यादीत खुणा करत राहावे.

२०१२ मध्ये या मधल्या दिवसांतला सर्वांत महत्त्वाचा दिवस २४ मे हा होता. त्या दिवशी ड्रॅगन स्थानकाच्या सुमारे अडीच किलोमीटर खालून गेले. आत येण्याचा तो प्रयत्न नव्हता. फक्त संपर्क तपासायचा होता. स्थानकातील अंतराळवीरांनी त्यांच्या समोरच्या फलकावरून यानाचा लुकलुकणारा दिवा लावण्याची आज्ञा दिली आणि यानाने ती पाळली. दुसऱ्या दिवशी काही बिघडले असते, तर याच फलकावरून अंतराळवीरांनी यानाला दूर जाण्याची आज्ञा दिली असती. ती आज्ञा पोहोचते की नाही, हे आदल्या दिवशीच सिद्ध होणे अत्यावश्यक होते.

याच दिवसांत आपल्या आकाशातही पाहावे. स्थानकाची कक्षा ५१.६ अंशांपर्यंत उत्तर-दक्षिण जात असल्याने ते सावंतवाडीपासून नंदुरबारपर्यंत साऱ्या महाराष्ट्रावरून आणि गोव्यावरून जाते. सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी साधारण दीड तासाच्या आत, आपल्याकडे अंधार आणि वर स्थानकावर ऊन अशी स्थिती असेल, तर ते न लुकलुकणाऱ्या तेजस्वी ठिपक्यासारखे काही मिनिटे सरकताना दिसते. नासाचे ‘स्पॉट द स्टेशन’ किंवा ‘हेवन्स अबव्ह’ यांत आपल्या गावाचे नाव टाकले की वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची मिळते. चाळीस अंशांपेक्षा जास्त उंचीचा मार्ग निवडावा. त्याखालचे मार्ग शहरात इमारती आणि धुरकटपणा यांत हरवतात. भेटीच्या आदल्या एक-दोन दिवसांत स्थानकाच्या थोडे पुढे किंवा मागे, जवळपास त्याच वाटेने, पाठलाग करणारे यान बरेच मंद ठिपक्याच्या रूपात जाऊ शकते. त्यासाठी गावाबाहेरचे काळे आकाश आणि साधी दुर्बीण लागते. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत मात्र यावर विसंबू नये. सिग्नसची पहिली भेट नेमकी त्याच दिवसांत होती.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना वेगळी संधी असे. व्हर्जिनियातील वॉलॉप्स बेटावरून २०२३ पर्यंत झालेली सिग्नसची प्रक्षेपणे वॉशिंग्टन आणि न्यू जर्सीच्या परिसरातूनही दिसू शकत. भारतातून मात्र यांपैकी कोणतेही प्रक्षेपण प्रत्यक्ष दिसत नाही.

सहावी पायरी : शेवटचे अडीचशे मीटर

या दिवशी दुसरे कोणतेही काम हाती न घेता पडद्यासमोर बसावे, असे मी आग्रहाने सांगेन.

स्थानकाभोवती दोन काल्पनिक सीमा मानलेल्या असतात. बाहेरची अंडाकृती असून स्थानकाच्या प्रवासाच्या दिशेने ४ किलोमीटर आणि इतर दिशांनी २ किलोमीटर पसरलेली आहे. आतली २०० मीटर त्रिज्येच्या गोलासारखी आहे. कोणत्याही सीमेच्या आत यायचे, तर ह्यूस्टनमधील नासाच्या नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. कंपनीचे नियंत्रक यान चालवतात, पण स्थानकाजवळ अंतिम शब्द ह्यूस्टनच्या उड्डाण संचालकांचा असतो. २०१२ मध्ये ती जबाबदारी हॉली रायडिंग्ज यांच्याकडे होती. प्रसारणात एकामागून एक विभागप्रमुखांचे ‘गो’ ऐकू येऊ लागले, की समजावे की यान कोणत्या तरी सीमेशी उभे आहे.

यान स्थानकाच्या थेट खालून, म्हणजे पृथ्वीच्या बाजूने, वर चढते. यामागे सुरक्षेचा विचार आहे. खाली असलेल्या वस्तूची इंजिने बंद पडली तर कक्षेच्या नियमांनुसार ती आपोआप आणखी खाली आणि पुढे सरकत स्थानकापासून दूर जाते. त्यामुळे वर चढण्यासाठी यानाला सतत थोडा थोडा जोर लावावा लागतो आणि तो थांबला तर धडक होण्याऐवजी अंतर वाढते.

थांबे साधारणतः २५० मीटर, ३० मीटर आणि १० मीटर असे असतात. पहिल्या भेटीत २५० मीटरच्या आसपास यानाला मुद्दाम मागे हटायला लावतात, मग थांबवतात आणि मगच पुढे सोडतात. पडद्यावर यान मागे जाताना दिसले तर घाबरू नये. यादीत तसे प्रात्यक्षिक आहे का, ते आधी तपासावे. नसेल तर मात्र काहीतरी शिजते आहे, असे समजून कान टवकारावेत.

२५ मे २०१२ रोजी दोन्ही प्रकार घडले. ठरलेले मागे हटणे व्यवस्थित पार पडले. मग जवळ येताना यानाच्या लेझर अंतरमापकांना चुकीची प्रतिबिंबे दिसू लागली. स्थानकाच्या जपानी किबो प्रयोगशाळेवरील एका परावर्तकावरून प्रकाश परत येत होता आणि ज्या बिंदूपासून अंतर मोजायचे, त्याऐवजी यंत्राचे लक्ष भलतीकडे जात होते. यान थांबवले गेले. हॉथॉर्नमधील अभियंत्यांनी अंतरमापकांचे दृष्टिक्षेत्र अरुंद करण्याच्या आज्ञा यानाला पाठवल्या, म्हणजे तो परावर्तक त्यांना दिसूच नये. वेळ पुढे सरकत होती, स्थानक दर प्रदक्षिणेत अंधारात जात आणि उजेडात येत होते, आणि नियंत्रण कक्षांत अंतराचे आकडे पुन्हा पुन्हा तपासले जात होते. शेवटी आकडे जुळले आणि ह्यूस्टनने पुढे जाण्याची परवानगी दिली. माझ्या मते साऱ्या मोहिमेतले सर्वांत मोलाचे काम ते हेच. जमिनीवरच्या चाचण्यांत न दिसलेली अडचण स्थानकाच्या दारात समोर आली आणि ती तेथेच, घाई न करता, सोडवली गेली.

सिग्नसची अडचण आणखी लवकर उघड झाली. १८ सप्टेंबर २०१३ रोजी वॉलॉप्सहून निघालेले हे यान २२ तारखेला पहाटे स्थानकाच्या जवळ येत असताना, स्थानकाकडून मिळणारी स्थानदर्शक माहिती यानाच्या प्रणालीला अपेक्षित होती त्या स्वरूपात नसल्याचे लक्षात आले. यानाने ती नाकारली आणि भेट थांबली. दुरुस्ती तयार झाली, पण त्याच आठवड्यात तीन नव्या अंतराळवीरांना घेऊन सोयूझ यान येणार होते. म्हणून सिग्नसला आठवडाभर दूर थांबावे लागले. २९ सप्टेंबरला आपल्याकडच्या दुपारी साडेचार वाजता ते पकडले गेले. अशा वेळी बातम्यांत ‘अपयश’ हा शब्द फार लवकर येतो. यान सुरक्षित अंतरावर, भरपूर इंधनासह आणि चालू संपर्कासह थांबलेले असेल, तर तो शब्द वापरायचे काही कारण नसते. भेट रद्द झाली की पुढे ढकलली, हे ओळखायला इंधन, वीज आणि संपर्क या तीन गोष्टी पाहाव्यात.

दहा मीटरवर यान स्थिर झाले की स्थानकातून आज्ञा जाते आणि यानाची इंजिने बंद होतात. आता ते स्वतःला सावरत नाही, नुसते तरंगते. हात चालवणारा अंतराळवीर कपोला या सात खिडक्यांच्या कक्षात बसलेला असतो आणि सुमारे १७ मीटर लांबीच्या कॅनडार्म-२ या यांत्रिक हाताचे टोक हळूहळू यानावरच्या खुंटीकडे नेतो. त्या टोकाच्या आत तीन तारांचे फास असतात. खुंटी आत आली की ते फिरून आवळतात, मग ओढून घट्ट धरतात. पडद्यावर हे सगळे संथ दिसते, पण हाताशी काही मिनिटेच असतात, कारण इंजिने बंद असलेले यान हळूहळू जागचे सरकत असते. ड्रॅगनला अंतराळवीर डॉन पेटिट यांनी आंद्रे कायपर्स यांच्या साह्याने पकडले आणि ड्रॅगनची शेपूट हाती लागल्याचे ह्यूस्टनला कळवले. सिग्नसला लुका पार्मितानो यांनी पकडले, सोबत कॅरन नायबर्ग होत्या.

एक भेद लक्षात असावा. २०२० नंतरची मालवाहू ड्रॅगन याने हाताची मदत न घेता स्वतःहून स्थानकाला जोडली जातात. त्यांच्या आगमनात पकडण्याचा हा टप्पा नसतो. आपण वाट पाहत असलेले यान यांपैकी कोणत्या पद्धतीचे आहे, हे पहिल्याच पायरीला टिपलेले असावे.

सातवी पायरी : जोडणी आणि दार

पकडल्यानंतर जोडणीला साधारण दोन तास लागतात. हात यानाला स्थानकाच्या दारापाशी नेतो, चार पकडी त्याला ओढून घेतात आणि मग १६ बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळले जातात. ड्रॅगनची जोडणी आपल्याकडच्या रात्री ९:३२ ला पूर्ण झाली. हा भाग प्रसारणात कंटाळवाणा असतो. बोल्ट पूर्ण आवळल्याची घोषणा ऐकली की पुरे. त्यानंतर मधल्या पोकळीत हवा भरतात आणि ती गळते का, हे पाहतात.

दार बहुधा दुसऱ्या दिवशी उघडतात. ते अवश्य पाहावे. पेटिट २६ मे रोजी आत गेले, तेव्हा त्यांनी डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मुखपट्टी लावली होती. प्रक्षेपणाच्या हादऱ्यांत सुटलेला एखादा कण किंवा तुकडा भारहीन अवस्थेत हवेत तरंगत असू शकतो आणि तो डोळ्यात किंवा श्वासात जाऊ नये, म्हणून प्रत्येक नव्या यानात शिरताना ही काळजी घेतात. आत सगळे स्वच्छ होते, आणि नव्या कोऱ्या गाडीसारखा वास येतो आहे, असे पेटिट यांनी सांगितले.

आठवी पायरी : यान परत जाईपर्यंत वही मिटू नका

सामान उतरवायला आणि परतीचे भरायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. यान सोडण्याचा क्रम उलटा असतो : बोल्ट सैल होतात, हात यानाला दूर धरतो, फास सुटतात आणि यान इंजिने चालवून सीमांच्या बाहेर जाते. ड्रॅगनला ३१ मे रोजी आपल्याकडच्या दुपारी ३:१९ ला सोडले आणि रात्री ९:१२ ला ते तीन हवाईछत्र्यांखाली पॅसिफिक महासागरात उतरले. परतीचे सामान सुखरूप मिळाले, तेव्हाच त्याची परीक्षा पूर्ण झाली. सिग्नसला परत यायचेच नव्हते. कचरा भरून ते २२ ऑक्टोबरला निघाले आणि दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे वातावरणात जळाले. त्याचे दृश्य मिळत नाही, एक निवेदन येते, आणि तेवढ्यावर समाधान मानावे लागते.

शेवटची नोंद कंत्राटाच्या पहिल्या फेरीची करावी, कारण परीक्षेचा निकाल तेथे दिसतो. ड्रॅगनची ती फेरी आपल्याकडच्या ८ ऑक्टोबर २०१२ च्या सकाळी निघाली. उड्डाणात फाल्कनचे एक इंजिन बंद पडूनही यान स्थानकावर पोहोचले आणि १० तारखेला अकिहिको होशिदे यांनी ते पकडले. त्या वेळी स्थानकाच्या कमांडर सुनीता विल्यम्स होत्या. सिग्नसची पहिली कंत्राटी फेरी ९ जानेवारी २०१४ रोजी निघाली. नव्या यानासाठीही ही तारीख शोधून वहीच्या पुढच्या पानावर लिहावी, आणि तीही पेन्सिलीनेच.